अभिलेखात नसलेला डोंगा

वस्तू सापडणे हे ती कुठे आहे यावर नव्हे, तर ती कोण शोधतो यावर अवलंबून असते, हे शासकीय सत्य आहे. शिपायाला फाइल कपाटामागेही सापडते. साहेबांना ती टेबलावर असली तरी सापडत नाही, आणि सापडूही नये. या सत्याला पहिला धोका २००३ साली सावली या गावातल्या एका कार्यालयात निर्माण झाला, कारण त्या वर्षी तिथे संगणक आला. (कार्यालयाचे नाव देत नाही. पाटीवरचा रंग उडाल्यापासून ते कार्यालयालाही नीट सांगता येत नाही.)

संगणकाचा ताबा अव्वल कारकून जलालुद्दीन यांच्याकडे होता. नागपूरहून आठवड्याचे प्रशिक्षण घेऊन आल्यापासून ते घरी जाताना माउसवर रुमाल झाकून जात. संगणकातले त्यांचे लाडके काम म्हणजे शोध. पडद्यावरच्या शोधाच्या खिडकीत एक पिवळा कुत्रा बसलेला असे. शब्द टाकला की तो कागद चाळू लागे आणि शेपूट हलवी. कार्यालयात विनापरवाना प्राणी चालेल का, यावर साहेबांनी बराच विचार केला आणि शेवटी परवानगी दिली, कारण कार्यालयीन वेळेत काम करताना दिसणारा तो एकटाच होता.

अडचण एवढीच, की कुत्रा सगळीकडे शोधी. (त्याला हुद्दा कळत नसे.) एकदा साहेबांनी गंमत म्हणून 'प्रलंबित' हा शब्द टाकायला लावला. पडद्यावर ओळी येऊ लागल्या, चहा येऊन गेला, कपबशा विसळून झाल्या, तरी ओळी येतच होत्या. बरीचशी प्रकरणे साहेबांच्याच टेबलावर अडलेली निघाली. त्या दुपारी त्यांना डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शोधाच्या मूळ व्यवस्थेत सुधारणा करण्याचे तोंडी आदेश निघाले आणि जलालुद्दीन यांनी एकेका चौकटीतली खूण काढून ते अमलात आणले. शोध फक्त साहेबांच्या फोल्डरात व्हावा, कारण कोणतेही काम वरून सुरू होते. फोल्डरातल्या फोल्डरात डोकावू नये, तो कनिष्ठांचा अपमान आहे. लपवलेल्या फाइली पाहू नयेत, ज्याने लपवल्या त्याने काही विचार केलाच असेल. महिन्याहून जुने काही दाखवू नये, कारण उत्खनन हे दुसऱ्या खात्याचे काम आहे. आणि ही व्यवस्था कायमची राहावी, म्हणजे रोज रोज कोणाला विचारायला नको.

साहेबांच्या फोल्डरात नातवाच्या वाढदिवसाचे फोटो, ताडोब्यातला पाठमोरा वाघ आणि दोन भजने होती. त्यामुळे शोधाचा वेळ चार मिनिटांवरून एका सेकंदावर आला. प्रलंबित प्रकरणे शून्य झाली. वरिष्ठांकडून अभिनंदनाचे पत्र आले. (ते नंतर शोधले, तर सापडले नाही.)

याच सुमारास पांदणटोल्याच्या सरपंच रुखमाबाई कार्यालयाच्या खेपा घालत होत्या. पांदणटोला पावसाळ्यात तीन बाजूंनी वैनगंगेच्या आणि चौथ्या बाजूने नाल्याच्या पाण्यात असतो. गावकरी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून पलीकडे जात. आदल्या वर्षी गावातल्या पत्रूची आई तापाने फणफणली, ट्यूबमध्ये हवा नव्हती, आणि हवा येईपर्यंत ती काठावरच गेली. कागदोपत्री मृत्यूचे कारण ताप असे लागले. ट्यूबचा रकाना नव्हता.

त्यानंतर गावाने डोंगा, म्हणजे लहान होडी, मागितला आणि, मान्य करायला हवे, शासनाने तो दिला. चांगला फायबरचा डोंगा ट्रकने आला आणि कार्यालयामागच्या कडुनिंबाखाली उतरला. मंजुरीचा आदेश फ्लॉपीतून आला. तो जलालुद्दीन यांनी स्वतःच्या हाताने संगणकात घातला. कागदी प्रत संगणकीकरणाच्या उत्साहात रद्दीत गेली. आता आदेश दिसल्याशिवाय डोंगा देता येत नव्हता, आणि आदेश साहेबांच्या फोल्डरात नव्हता. मधल्या काळात कर्मचारी डोंग्यात बसून डबे खात. जलालुद्दीन यांची जागा टोकाला होती, तिथे सावली टिकायची.

रुखमाबाईंची सून कमला हिला आठवा महिना लागला होता. त्या दर सोमवारी येत, आणि जलालुद्दीन दर सोमवारी कुत्र्याला कामाला लावत. कुत्रा एका सेकंदात मान हलवी.

"काम्पुटर नाई म्हन्ते, बाई," जलालुद्दीन सांगत. मग त्यांना दुपारचा डबा गोड लागत नसे, पण ते तो डोंग्यातच खात.

जूनअखेरीस, नाल्याला पाणी आल्यावर, रुखमाबाई थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, काम्पुटरात डोंगा नाई, म्हंजे डोंगा नाईच का जी?"

"अभिलेखात नाही, म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने नाही."

"मंग मांगं निंबाखाली पडून हाये, ते कोनाचं?"

"जे नाहीच, ते कोणाचं हे मी कसं सांगणार?"

"बरं जी," रुखमाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी भर कार्यालयीन वेळेत त्यांचा मुलगा हेमराज बैलबंडी घेऊन आला. सोबत गावातले आठ-दहा गडी होते. लच्छू शिपाई धावत आत आला आणि म्हणाला की पांदणटोलावाले डोंगा बंडीत भरून राह्यले. साहेबांनी जलालुद्दीन यांना नियमाप्रमाणे शोध घेण्यास सांगितले.

जलालुद्दीन यांनी शब्द टाकला. आदेश कुठे आहे हे त्यांना पाठ होते. एका चौकटीत एक खूण केली असती, तर तो समोर आला असता. मग हस्तांतरण समिती बसली असती, पाहणी झाली असती, पावती फाडली गेली असती, आणि दिवाळीनंतर, नदी उतरल्यावर, डोंगा वाजतगाजत गावाला मिळाला असता. त्यांना कमलाची काळजी वाटली आणि स्वतःचीही थोडी लाज वाटली. त्यांनी माउसवर रुमाल टाकला.

"नाई साहेब. डोंगा नाई."

नसलेली वस्तू नेता येत नाही, सबब कोणी काही नेत नाही, असा निर्णय साहेबांनी दिला आणि ते खिडकीपाशी गेले. नसलेला डोंगा फाटकात अडकला होता. लच्छूने फाटकाचे दुसरे दारही उघडून दिले.

जुलैच्या शेवटी कमला त्याच डोंग्यातून पलीकडे आली आणि सावलीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. साहेब बढतीवर गेले. शोधाची व्यवस्था त्यांनी घालून दिली तशीच आहे, आणि डबे आता जमिनीवर बसून खावे लागतात.

साहेबांना तुम्ही हसला असाल, तर ते रास्तच आहे. फक्त कमलाची बातमी वाचून तुम्हाला बरे वाटले, तेव्हा पत्रूची आई आठवली होती का? ती वर, ट्यूबपाशीच आहे. तिचे नाव शोधायला मागे जाऊ नका. आम्ही ते दिलेलेच नाही, आणि तुम्हीही विचारले नाही.