सातव्या स्क्रीनवरचं बटण

गेल्या गुढीपाडव्याला संध्याकाळी, जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीचं अ‍ॅप बनवायला बारा हजार रुपये मंजूर झाले. हजर तिघे: सेक्रेटरी कोरे सर, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांना पैसे द्यायचे ते सिद्रामप्पा. सिद्रामप्पांनी शेंगा चटणी आणली होती. पिशवीत डबा, डब्यात डबी, डबीत कागदाची पुडी, आणि पुडीत चटणी.

"नुसत्या डब्यात आणली असती तर?" कोरे सरांनी विचारलं.

"मग कुणीबी उघडली असती की."

सिद्रामप्पा असेच. पन्नाशी ओलांडलेले, एकटे, पुण्याची नोकरी सोडून घरी बसून मोबाइलची अ‍ॅप बनवणारे. त्यातही जीव फक्त सेटिंगमध्ये. त्यांच्या घरी साखर मागितली तर खुर्चीतून न उठता सांगत, "स्वयंपाकघर, डावं कपाट, दुसरा कप्पा, मोठा डबा." आपण तो उघडावा तर आत दुसरा डबा. बाहेरून आवाज येई, "ओळग ऐती!" म्हणजे आत आहे. घरात कानडी, दारात मराठी, आणि हे दोन शब्द दोन्हीकडे.

अ‍ॅप झालं. पाण्याचा टँकर आला की सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे वाजू लागले. तो भोंगा बंद करायचा तर सेटिंग उघडा. त्यात सूचना, सूचनांत पाणी, पाण्यात टँकर, टँकरमध्ये आवाज. तिथे अ‍ॅप विचारणार, कुठला आवाज? तोवर टँकर रिकामा होऊन मंद्रूपच्या रस्त्याला लागलेला असे.

याहून आत, सातव्या स्क्रीनवर, एक बटण होतं. एकटं राहणाऱ्यांसाठी. ते चालू केलं की रोज सकाळी आठला फोन विचारी, "उठलात का?" खाली हिरवं बटण, "व्हय". नऊपर्यंत ते दाबलं नाही, तर कोरे सरांचा आणि माझा फोन बोंबलायला लागे. अख्ख्या इमारतीत ते एकाच माणसानं चालू केलं होतं. सिद्रामप्पांनी. त्यातून ते स्वतःच दोनदा "व्हय" दाबायला विसरले. दोन्ही वेळा कोरे सर तीन मजले चढून गेले, आणि चहा पिऊन जास्तच चिडून खाली आले.

पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. "मला एक बटण द्या. सगळ्यात वरचं. ते बंद केलं की सगळं गप्प."

"दिलंय की. थोरलं बंद करा, पोटातली सगळी बटणं फिकी पडत्यात."

"मग तुमची बोंब कशी येते?"

"ती तेवढी फिकी पडत न्हाय."

"पाडा!"

"ते सोडून काय बी सांगा, सर."

"अहो, धडधाकट माणूस तुम्ही. ही गेल्यापासून मीही एकटाच राहतो. मी उठवतो का कुणाला?"

आठ हजार आधीच दिलेले होते. बटण दुरुस्त होईपर्यंत उरलेले चार अडवायचं ठरलं.

जिना उतरताना सिद्रामप्पा माझ्याशेजारी आले. "खजिनदार, पुण्यात असताना एकदा काम लई अंगावर आलं होतं. फोनचे सगळे आवाज एका बटणात बंद केले. आई गावाकडं एकटी. तिनं फोन केलेला. मी संध्याकाळी बघितला." मग म्हणाले, "ते एक बटण मी कुणाला देणार न्हाय."

पैसे त्यांनी पुन्हा मागितले नाहीत.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी नऊला माझा फोन बोंबलला. मी जिन्यात आलो तर कोरे सर निम्म्यावर पोचलेले. "विसरला असणार," ते धापा टाकत म्हणाले. "चहाला सोबत पाहिजे असेल." दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून कडी. सुताराला बोलावून ती तोडली.

सिद्रामप्पा न्हाणीघरात पडले होते. चेहरा एका बाजूला ओढलेला, जीभ जड झालेली. आम्हाला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "वाजला का?"

"वाजला," मी म्हणालो.

"दोघांचा?"

"दोघांचाही," कोरे सर म्हणाले आणि ओल्या फरशीवर त्यांच्या उशाशी बसले. "सगळं बंद करून ठेवलं होतं मी. तरी वाजला."

सिद्रामप्पांचा अर्धा चेहरा हसला. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते तिथंच वारले.

पुढच्या बैठकीला गच्चीवर आम्ही दोघेच. अडवलेल्या पैशांचा विषय मी काढला, तेव्हा कोरे सरांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "ते आठ वाजताचं. मला सापडत नाही. कुठं आहे?"

"आत आहे," मी म्हणालो. सेटिंग, सूचना, आणि तसंच पुढे. सातव्या स्क्रीनवर पोचलो. बटण त्यांनी स्वतः दाबलं, आणि अंगठा बराच वेळ तिथून उचलला नाही.

अडवलेले चार हजार सिद्रामप्पांच्या अक्कलकोटच्या बहिणीला दिले. तोडलेल्या कडीचे साडेतीनशे कोरे सरांनी आपल्या खिशातून सुताराला दिले. सोसायटीच्या खर्चात ते मला धरू दिले नाहीत.