उपाशी राहिलेली अक्षरं

लटारूभाऊ रामटेके इंग्रजीतलं एकही अक्षर वाया जाऊ देत नसत. 'नाइफ'ला ते 'क्नाइफ' म्हणत, 'लिसन'ला 'लिस्टेन', आणि मेंढीच्या पिल्लाला, म्हणजे 'लॅम'ला, चक्क 'लांब'. रोज सकाळी त्यांच्या घरापुढच्या सपरीतून हे इंग्रजी खड्या आवाजात सुरू झालं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवायची. आणि भिंतीपलीकडे मी, पोंभुर्ण्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा माणूस, चहाचा कप धरून अपराध्यासारखा बसून राहायचो. मला कशाचंही ओझं लवकर होतं. घराला घर लागून इंग्रजीचा मास्तर असताना हे चालतं, म्हणजे दोष माझाच, असं वाटायचं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा काळ असेल. लटारूभाऊ जंगल खात्यात नाकेदार होते. उभी नोकरी एटापल्लीकडच्या रानात काढून गावी परतले आणि आल्या आल्या माझ्याकडून शाळेच्या वाचनालयातलं एक पातळ इंग्रजी गोष्टींचं पुस्तक मागून नेलं. मी सोबत डिक्शनरी देऊ केली. त्यांनी हात जोडले.

"तिले राहू द्या, सर. शबुद म्हंजे जनावर आहे. त्याच्या मांगं धावलं का ते पळते. आपण रोज त्याच पानवठ्यावर चुपचाप बसाचं. आज शेपूट दिसन, उद्या कान दिसन. एक दिवस पुरा समोर येऊन उभा राह्यते."

गंमत म्हणजे, ही पद्धत चालत होती. एकच पान ते पंधरा-पंधरा दिवस वाचत, आणि अर्थ खरोखरच पाणी प्यायला येत. कधी कधी भलतंच जनावर येई, एवढंच.

एकदा मला थांबवून म्हणाले, "सर, ह्या पुस्तकातला हा होवेवर कोन आहे?"

"कोण?"

"होवेवर. सारं बरं चाललं असते. मेंढपाळ घरी जाऊन राह्यला, चूल पेटून राह्यली. का हा मधीच येते, अन सारं बिघडते. सगळ्या गोष्टीत आहे. मोठ्या अक्षरानं सुरू होते, म्हंजे मानाचा मानूस दिसते. पन भांडखोर."

मी पुस्तक पाहिलं. 'हाउएव्हर' होतं ते. मी सांगितलं की हा माणूस नाही. याचा अर्थ 'तरीपण', 'पण मात्र'.

लटारूभाऊंनी घराच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "म्हंजे आमची सखूबाई!"

त्या दिवसापासून ते बायकोला 'होवेवर' म्हणू लागले. सखूबाईंना तो काहीतरी इंग्रजी मानाचा शब्द वाटला. त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "आता म्हातारपनी बरोबर बोलून राह्यला मानूस."

उच्चार सुधारायचा प्रयत्न मी कितीदा तरी केला. 'नॉक'मधला 'के' मुका असतो, हे सांगितलं.

"मुका आहे? मंग लिवला काऊन?"

"लिहायची पद्धत आहे. म्हणायचा नाही."

"असं कसं? पंगतीत बसवला, पत्रावळ मांडली, अन वाढनाराच त्याच्यापासून फुढं निंगून गेला! आमच्याकडं हे चालत नाई, सर. लिवला ना? मंग वाढा त्याले."

मी घरी आलो आणि जेवताना उगीचच पानातलं सगळं संपवलं.

त्या वर्षी आमच्या हायस्कुलाचं संमेलन आलं. आमच्याकडे मोठी खोली नव्हती, म्हणून ते गावातल्या जुन्या प्राथमिक शाळेत ठरलं. गावातल्या एखाद्या मोठ्या माणसानं इंग्रजी उतारा वाचावा, म्हणजे पोरांची भीती जाईल, अशी कल्पना मीच मांडली होती. हे कळताच लटारूभाऊ धुतलेलं धोतर नेसून माझ्याकडे आले.

"जुन्या शाळेत आहे ना?"

"हो."

"आतल्या खोलीत? का बाहेर मांडवात?"

"आतल्या खोलीत."

"मंग मी वाचतो."

शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. पोरं हसली तर यांची शोभा होईल, ही मला काळजी. आपलीही होईल, हे मी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं. मी अट घातली: मुकी अक्षरं गिळायची.

"सारीच?"

"सारीच."

"बरं," ते म्हणाले. एवढ्या सहज 'बरं' म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

आठवडाभर मी त्यांना गिळायला शिकवलं. मेंढपाळाचाच उतारा होता. थंडीत, पिल्लू उराशी धरून, तो शेजारच्या दारावर थाप मारतो आणि विस्तव मागतो. मुक्या अक्षरांनी नुसता खचाखच भरलेला. प्रत्येक अक्षर गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. आतून सखूबाई विचारायच्या, "गोळी अडकली का हो?"

संमेलनाच्या दिवशी ते त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थोडे थांबले. चपला काढल्या, बाकी कोणीच काढल्या नव्हत्या. मग आत जाऊन अगदी मधोमध उभे राहिले आणि सावकाश, एकही चूक न करता वाचलं. 'नॉक'. 'लिसन'. 'लॅम'. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला तर जग जिंकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपरीतून आवाज आला, पण रोजचा नव्हे. बारीक, कुणाची तरी समजूत घालावी तसा. "ट... ब... ट..."

मी गेलो. ते कालचाच उतारा घेऊन बसले होते, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"काय चाललंय, लटारूभाऊ?"

"काल राह्यले होते ना, सर. त्याइले वाढून राह्यलो."

मी हसलो. ते हसले नाहीत. बोट तसंच ठेवून म्हणाले, "त्याच शाळेत होतो मी. आत नाई, वऱ्हांड्यात. आमाले तिथंच बसवत. गुरुजी आतून हजेरी घ्याचे. माह्या जागी आले का जरासं खोकलाचे, अन फुढचं नाव घ्याचे. मले वाटे, आपलं नावच नसन लिवलं. मंग एक दिवस खिडकीतून डोकावलो. हजेरी उघडी होती टेबलावर. लटारू. लिवलेलं होतं, सर! मले वाचता येते, हे मले त्याच दिवशी समजलं."

ते पुन्हा पुस्तकाकडे वळले.

"काल आत उभा राह्यलो. लई बरं वाटलं. पन इतक्या जनाइले बाहेर बसवून आत गेलो मी." त्यांनी पुस्तक माझ्याकडे थोडं सरकवलं. "बसा. 'नॉक'चा के राह्यला अजून."

मी पायरीवर बसलो. इतकी वर्षं ही भाषा शिकवत आलो होतो. घसा साफ केला आणि म्हणालो, "क्नॉक."

"जोरानं, सर. दूरवर बसला आहे तो."

"क्नॉक!"

आतून सखूबाईंचा आवाज आला, "अगं माय, मास्तरबी बिघडले!"

"होवेवर," लटारूभाऊ हळूच म्हणाले, आणि त्यांनी बोट पुढच्या शब्दावर नेलं.