तुझ्यात काहीतरी वेगळं आहे

पहिलं पत्र आलं तेव्हा चौकशीबाईने ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं. गुळगुळीत कागद, हिरवळीवर खिदळणारी चार पोरं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'तुझ्यात काहीतरी वेगळं आहे. आम्ही ते ओळखलंय!' तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडतो, म्हणून घरात तिचं नाव चौकशीबाई. शाळेचं शेवटचं वर्ष, गणितात काठावर पास. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आठवडाभर पोरगी हवेत होती.

मग तेच पत्र शेजारच्या मैत्रिणीलाही आलं. मग दुसऱ्या कॉलेजचं आलं, तिसऱ्याचं आलं. सगळ्यांनाच तिच्यात काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय, ते कुणी सांगेना. फोन आला की ती विचारायची, "माझ्यात नेमकं काय दिसलं तुम्हाला?"

"तुझं उज्ज्वल भविष्य!"

"ते कुठे दिसलं?"

पलीकडचा फोन बंद व्हायचा आणि तासाभराने दुसऱ्याच आवाजात पुन्हा वाजायचा.

तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. यातलंच एक कॉलेज निवडायचं, तर सगळी सारखीच गोड बोलणारी! शेवटी शाळेत कॉलेजवाल्यांचे स्टॉल लागले तेव्हा तिने शक्कल लढवली. फुकटची पिशवी हवी होती, फोन नको होते. म्हणून तिथल्या फॉर्मवर विद्यार्थ्याच्या जागी बाबांचा नंबर दिला आणि पालकाच्या जागी स्वतःचा. बाबा फ्रिज दुरुस्त करायचे; असल्या फोनला ते एका वाक्यात वाटेला लावतील, अशी तिची खात्री होती.

कसलं काय! त्या संध्याकाळी बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"एका मुलीचा फोन आला होता. म्हणाली, तुमचं स्वप्न काय?"

"मग? काय सांगितलंत?"

"घोडे."

"काय?"

"लहानपणी मी घोड्यांची चित्रं काढायचो. नंतर राहूनच गेलं. कुणी विचारलंही नाही गं."

इतक्या वर्षांच्या संसारात आईनेही विचारलं नव्हतं. चौकशीबाईला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगाला प्रश्न विचारणारी ती, पण बाबांना तिने एकही विचारला नव्हता.

मग बाबांचा फोन वाजायचा आणि बाबा गॅलरीत पळायचे. "लोकांचं दूध नासतंय तिकडे," आई करवादली, "आणि हे इथे स्वप्नं सांगत उभे!" बाबांनी रंगपेटी आणली, दाढी रोज करू लागले, आणि एक दिवस म्हणाले, "त्यांना माझ्यात काहीतरी वेगळं दिसलंय."

आता मात्र चौकशीबाईला राहवेना. "बाबा, ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. तुमचा नंबर मीच दिला होता."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यात काही दिसलं नाही त्यांना?"

"नाही."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यातही नाही," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"वेडी कुठली! मला दिसतं की," बाबा म्हणाले. "मिक्सर बंद पडला तेव्हा तू त्या दुकानदाराला प्रश्न विचारून विचारून असं भंडावलंस, की त्याने हात जोडून नवा मिक्सर दिला. उत्तर मिळाल्याशिवाय तू हलत नाहीस. हे काय सगळ्यांना जमतं होय?"

दुसऱ्या दिवशी तिने एकदाही पत्र न पाठवलेल्या कॉलेजला स्वतः फोन लावला. तिकडून कुणीतरी वैतागून म्हणालं, "तुझ्यात काय आहे ते आम्हाला कसं कळणार बाई? ये, मग बघू." चौकशीबाईला ते कॉलेज फारच आवडलं. तिने तिथेच प्रवेश घेतला.

काही महिन्यांनी अभ्यास करताना तिचा फोन वाजला.

"आपण पालक बोलताय ना? कॉलेजच्या संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गातून बोलतोय, स्टॉलवरच्या फॉर्मात पालक म्हणून हाच नंबर आहे. आपले पाल्य दोन दिवस गैरहजर आहेत."

तिने मान वळवली. पाल्य सोफ्यावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते.

"बाबा! वर्गाला का नाही गेलात?"

"पोटात दुखत होतं," वर्तमानपत्राखालून आवाज आला.

"दोन्ही दिवस?"

वर्तमानपत्र आणखी वर सरकलं. मग बारीक आवाजात : "घोड्याचे मागचे पाय जमत नाहीत गं."

चौकशीबाई फोनवर म्हणाली, "उद्या येतील. मी स्वतः सोडायला येते."