सायकल लिफ्टने, सुजाता जिन्याने

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सायकल लिफ्टने सातव्या मजल्यावर जाते आणि तिची मालकीण जिन्याने. लिफ्टमध्ये दोघी मावत नाहीत. "ती दमलीय गं," असं शेजारची सुजाता गायकवाड सायकलीबद्दल म्हणते. लिफ्टपाशी ताटकळलेल्या माणसांच्या दमण्याची तिने कधी चौकशी केलेली नाही.

सुजाता डोंगरातल्या सायकल शर्यतींची राज्य विजेती. म्हणजे शहाणी माणसं जिथे काठी टेकत चालतात, तिथे ही सायकल हाणते. दगडधोंड्यांतून चाक काढायच्या वाटेला ती 'लाइन' म्हणते आणि जगातली यच्चयावत दुःखं त्यातच बसवते. माझी आमटी करपली? "लाइन चुकली तुझी." समोरच्यांचा घटस्फोट झाला? "लाइन चुकली, बाकी काय!"

गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका पोरीने तिला हरवलं. "यंदा किताब परत आणला नाही ना, तर सायकल विकून टाकीन," असं जाहीर करून तिने मला पाणी द्यायच्या कामाला जुंपलं. शर्यतीत ठरलेल्या जागी आपलं माणूस बाटली धरून उभं राहतं आणि ती धावत्या सायकलवरून घ्यायची असते. सराव सोसायटीच्या गेटवर. मी हात लांब करून उभी, ही सुसाट येऊन बाटली हिसकावणार, वॉचमन टाळ्या वाजवणार. नवऱ्याने व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एवढं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

"शेवटच्या फेरीला मी पाणी घेणार नाही हां. तिथे वेळ घालवला की वाट लागली," तिने बजावलं होतं.

शर्यतीत शेवटच्या फेरीला सुजाता पुढे होती, पोरगी मागे चिकटलेली, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. सुजाताचे सुकलेले ओठ दिसले आणि माझ्याच्याने राहवेना. मी बाटली पुढे केली. बाईने चक्क सरळ वाट सोडली आणि वळून ती घेतली. पोरगी निघून गेली. सुजाता दुसरी आली.

मी धावत गेले. ती मातीत बसली होती. बाटलीतला एक घोटही घेतला नव्हता.

"अगं, मी वेडी. पण तू कशाला वळलीस?"

"आई गेल्यापासून त्या जागेवर माझ्यासाठी कोणी उभं नसायचं गं. मी खाली बघून पुढे जायचे. आज तू हात पुढे केलास. तसाच सोडून कशी जाणार?"

सायकलीचं काय करणार, हे विचारायची हिंमत होईना. तिने बाटली उघडून माझ्या हातात दिली.

"आधी तू पी. ओरडून घसा बसलाय तुझा."