फिलिपकाकांची तीन मिनिटं

शेजारच्या फिलिपकाकांकडे चहाला गेलं, की ते आधी मनगटावरचं घड्याळ काढून स्टुलावर ठेवतात. "बोल. तीन मिनिटं. मधात कोणी बोलाचं नाई." बोलून झालं, की सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं. मग पुढच्याची पाळी. तोवर चहावर साय धरते.

हे खूळ त्यांनी रोमहून आणलं, म्हणजे मोबाइलवरून. तिथे जगभरचे बिशप, कॅथलिकांचे मोठे धर्मगुरू, जमले होते. गोल टेबलांना बसले, सोबत बायाही बसल्या. आधी ऐकायचं, मग वाद घालायचा. आमच्या पिपरी मेघेत कॅथलिक घरं मोजकीच. तरी काकांनी अंगणात चार खुर्च्या गोल मांडल्या. नळावर भांडण लागलं, की काका घड्याळ घेऊन हजर. "शांताबाईचं होऊ द्या, मंग तुमी." तेवढ्यात नळ जातो.

"काका," शांताबाई एकदा म्हणाली, "तुमच्या बिशपायले सांगा, आमच्या नळालेई तीन मिनिटं वाढवून द्या म्हणा!"

अंगणात माझी पाळी आली, की मी म्हणायची, "माह्यं काई नाई." चौथी शिकलेली बाई बिशपांच्या पद्धतीनं काय बोलणार? पण काका माझी तीन मिनिटं पुरी मोजायचे.

एक खुर्ची काकांची, एक काकूंची, एक माझी. चौथी रिकामी. तिचीही पाळी यायची. मला वाटायचं, ती देवाची असेल.

काकूंनी एकदा भाजी निवडताना सांगितलं. ती खुर्ची स्टेलाची, त्यांच्या मुलीची. ती सिस्टर, म्हणजे नन झाली होती. काही वर्षांनी कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, सोडून घरी आली. का सोडलं ते दारातच सांगू लागली, तर काका म्हणाले, "मले काई आयकाचं नाई." ती आल्या पावली गेली. आता कारंज्याला शाळेत शिकवते.

काल रिकाम्या खुर्चीची पाळी होती. काका काट्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होते. मग माझी पाळी आली.

"काका, स्टेलाताईले फोन लावू काय?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्ये अडीच मिनिटं बाकी हायेत."

"ते मी तिले देते."

काकूंनी नंबर लावला, फोन काकांच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "हॅलो? आई?... बाबा?... बोला न, बाबा."

"नाई," काका म्हणाले. "तू बोल. त्या दिवशी तुह्यं अर्धंच राह्यलं."

आणि त्यांनी स्टुलावरचं घड्याळ उचलून खिशात टाकलं.