दाभणमावशीच्या मुळाची कैफियत

श्रीशारदा प्रसन्न. वाचणार, ऐकणार आणि कान झाकून बसणार, सर्वांचे कल्याण असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली राजधानीत जे वर्तमान जाहले ते सेवकाने डोळां पाहिले, कानी ऐकिले, आणि पोटात ठेवू म्हटले तर राहीना, म्हणोन लिहिले आहे. संवत्सराचे नावच क्रोधी आणि सेवकाचा स्वभावही तैसाच, तेव्हां लेखणी कोठे घसरली तर बोल संवत्सरास लावावा. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांचे त्यांस कळेल.

त्या राज्यात ऋजुता वाघधरे नामे चित्रकर्ती होती. तिने दर सोमवारी आंतरजालावर एक चित्रकथा सोडावी आणि रयतेने मोबाइल हाती घेऊन ती वाचावी, ऐसा तीन वर्षे क्रम. कथेची नायिका दाभणमावशी. ठेंगणी मूर्ती, चष्म्यास दोरी, अंबाड्यात खोचलेले दाभण, म्हणजे पोती आणि जाड वह्या शिवावयाची ती मोठी सुई, आणि उजवा डोळा मिटलेला. राज्यात काही वेडेवाकडे दिसले की मावशीने डोळा मिटून पाहावे, “वाकडं आहे!” म्हणावे, आणि दाभण काढोन शिवून सरळ करावे. फाटका रस्ता शिवला, भांडलेले भाऊ शिवले, आणि एके प्रसंगी एका प्रधानाचे तोंडही दोन टाके घालून शिवले, ते दिवशी प्रधान सोडून सगळे राज्य हसले. मग काय पुसता! लेकरांच्या दप्तरावर मावशी, रिक्षाच्या पाठीवर मावशी, लग्नाच्या आहेरात मावशी छापलेली पिशवी.

कीर्ती जाहली म्हणजे मुलाखत आलीच. वार्ताहराने पुसिले, “ही मावशी तुम्हाला सुचली कुठून?” आणि ऋजुताबाई तोंडावर झगझगीत दिवे असता बोलून गेल्या, “आतून आली.” सेवकास त्यांचा आदर आहे, तरी लिहिणे भाग आहे की हे खोटे होते आणि पुढील सर्व अनर्थाचे बीज येथे पडले. मावशी आतून आली नव्हती. ती राजधानीच्या जुन्या ग्रंथालयातून, मागल्या अंगणाकडील खोलीतून आली होती. तेथे द्वारकाबाई बिडवे सव्वीस वर्षे फाटकी पुस्तके शिवीत होत्या. ऋजुताबाई कॉलेजात असता त्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून वाचीत, आणि खूण म्हणोन पानाचा कोपरा दुमडीत, आणि द्वारकाबाई आतून म्हणत, “ए पोरी, तुझा कान असा दुमडू का?” पुस्तक शिवून जाहले की बाईंनी ते उत्तरेच्या खिडकीशी उजेडात धरावे, उजवा डोळा मिटावा, आणि कणा सरळ आला की नाही पाहावे. वाकडा असला तर सगळे टाके उसवून फिरोन शिवावे. मिटल्या डोळ्याचे रहस्य ते एवढेच.

आतून म्हणजे कोठून, हे कोणी पुसिले नाही, आणि मोकळी जागा दिसली की तंबू ठोकणारांची त्या राज्यात वाण नाही. आधी नगरश्रेष्ठ भाऊसाहेब रणखांबे उठिले आणि बोलिले की दाभणमावशी म्हणजे आमच्या कैलासवासी मातोश्रीच. मातोश्रींच्या तसबिरीत दोन्ही डोळे लख्ख उघडे होते, तेव्हां कारागीर आणवून एक मिटविला आणि तसबीर चौकात लाविली. ज्या माउलीने लेकाचे प्रताप हयातभर उघड्या डोळ्यांनी सोसले, तिचा डोळा मेल्यावर लेकानेच मिटवावा! मग पंडित उपळेकर उठिले आणि गावाबाहेरील बारवेतील एक झिजकी देवी दाखवून बोलिले की हा अर्धोन्मीलित नेत्र, ही योगमुद्रा, चित्रकर्तीस ठाऊक नसेल परंतु रक्तात उतरली आहे. देवीचा डोळा मिटलेला नव्हता, पाझराच्या पाण्याने झिजला होता, हे बारवेवर धुणे धुणाऱ्या बाया सांगत होत्या. पण बायांचे कोण ऐकतो? आणि ऋजुताबाई हे सगळे ऐकत होत्या आणि गप्प होत्या, हेही लिहून ठेवितो.

त्या राज्याची चाल ऐसी की कोणतीही वस्तू नामांकित जाहली म्हणजे तिच्या मुळाचा महजर करावा. सात थोर बसवावे, साक्षी घ्याव्या, निर्णय लिहावा, सातांनी सह्या कराव्या, मग तेच सत्य. आणि मागाहून कोणी पान घुसडू नये म्हणोन महजराची वही आधीच शिवून मोहोरबंद ठेवावी. आता वही आधी शिवावयाची तर मजकूरही आधी लिहावा लागतो. म्हणोन निकाल आगाऊ लिहावा आणि साक्षी मागाहून घ्याव्या ऐसा परिपाठ पडला होता, आणि यात काही वावगे आहे ऐसे पिढ्यानपिढ्या कोणास वाटले नव्हते. त्याप्रमाणे लिहिले गेले की दाभणमावशी भाऊसाहेबांच्या मातोश्रींपासून, आणि मातोश्री बारवेतील देवीपासून. दोन्ही दावे एका वंशावळीत बसविले, कोणी रुसले नाही. मग हुकूम जाहला की मावशीचे स्मारकदालन करावे. जागा कोणती? तर ग्रंथालयातील उत्तरेच्या खिडकीची खोली, हवेशीर, उजेडाची, आणि तीत कोणी बसत नाही. कोणी बसत नाही! सव्वीस वर्षे बाई बसली होती, ती काय भिंतीचा पोपडा होती? द्वारकाबाईंस आठ दिवसांची चिठ्ठी गेली, आणि चारशे फाटकी पुस्तके जिन्याखालच्या अंधारात ढकलिली, आणि बाईंसही तेथेच बसा म्हटले. वही शिवावयाची वेळ आली तेव्हां खोलीत कोणी उरले नव्हते, म्हणोन ती बाहेरून यंत्रावर शिवून आणविली. हे वाक्य वाचणाराने ध्यानी ठेवावे.

माघ शुद्ध दशमीस ग्रंथालयाच्या दिवाणखान्यात सभा भरली. सात थोर गाद्यांवर, ऋजुताबाई मानाच्या खुर्चीवर, मध्ये मेजावर रेशमी फितीची महजराची वही. तो द्वारकाबाई आल्या. दारवानाने अडविले, परंतु मागले दार त्यांस दारवानाहून जास्त ठाऊक. थेट भाऊसाहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, मला दुसरं काही नको. माझी खिडकी तेवढी द्या. जिन्याखाली दोरा दिसत नाही हो. चारशे पुस्तकं पडलीत.”

भाऊसाहेब बोलिले, “बाई, ते आता दाभणमावशींचं दालन आहे. मोठ्या कामात अडथळा आणू नका.”

“कोण दाभणमावशी? कुठल्या खात्यात असतात?”

सभा हसली. एकाने मोबाइल पुढे धरिला. बाईंजवळचा मोबाइल साधा, बोलण्यापुरता. मावशी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. चष्मा सारखा करोन पाहिली आणि म्हणाल्या, “काढलीय चांगली. दाभण मात्र उलटं धरलंय हिनं, बोटात जाईल.” मग मानाच्या खुर्चीकडे नजर गेली. “अगं, तू ती पानं दुमडणारी ना?” ऋजुताबाईंनी मान खाली घातली. मग बाईंची नजर मेजावरील वहीवर पडली, आणि सव्वीस वर्षांची सवय, वही उचलिली, खिडकीकडे फिरविली, आणि उजवा डोळा मिटला.

“वाकडं आहे,” बाई बोलिल्या. “वरचा टाका ओढलाय, खालचा सैल सोडलाय. श्रावणात पानं गळतील बघा.”

ठेंगणी मूर्ती, दोरीचा चष्मा, मिटलेला डोळा, सगळे समोर उभे. सेवकास वाटले, आता यांस कळले. हाय हाय! कळावयास आधी पाहावे लागते. पंडित उपळेकरांनी टाळी पिटिली आणि बोलिले, “वा! हुबेहूब नक्कल! मावशीचा जनमानसावर प्रभाव तो केवढा!” आणि सगळी सभा टाळ्या वाजवू लागली, आणि भाऊसाहेबांनी नकलेबद्दल बाईंस एक नारळ देवविला. बाई नारळ हाती घेऊन उभ्याच. सेवकास ते वेळी जे वाटले ते लिहिले तर कागद जळेल.

तेव्हां ऋजुताबाई उठिल्या. बोलिल्या, “त्या नक्कल नाही करत. नक्कल मी केली. तीन वर्षं मी यांचा डोळा घेतला, अंबाडा घेतला, शब्दसुद्धा यांचे घेतले आणि नाव नाही सांगितलं. लाज वाटली मला. लोक कुठली कुठली मोठी नावं घेतात, मी काय सांगू, बाइंडिंगवाल्या बाईंवरून सुचलं म्हणून? हे लिहा महजरात, आणि यांची खोली यांना परत द्या.”

भाऊसाहेबांनी गोड हसून उत्तर दिधले, “ताई, तुमच्या भावना पोचल्या. पण वही शिवून झाली आहे. आता पान कुठं घालणार?” साती थोरांनी माना डोलविल्या, कारण युक्तिवाद बिनतोड होता, आणि सह्या केल्या, आणि पेढे वाटले.

पुढील सोमवारी चित्रकथेत एकच चौकट आली. उत्तरेची खिडकी, खाली रिकामे आसन, आणि अक्षरे, “मावशी उठून गेली.” त्यानंतर ऋजुताबाईंनी मावशी काढिली नाही. लोक हळहळले, मग दुसरे वाचू लागले. दालन मात्र थाटात उघडले, मध्ये प्लास्टरची मावशी, डोळा मिटलेला, दाभण उलटे धरलेले. मग श्रावण आला, हवा दमट जाहली, आणि महजराची पाने एकेक करोन गळू लागली, आणि वंशावळीतून मातोश्रीच निखळून खाली पडल्या. धावाधाव जाहली. यंत्रवाला हात लावीना, म्हणे कागद दमटला आहे, फाटेल. शेवटी कोणास बोलाविले ते वाचणाराने ओळखिलेच असेल. द्वारकाबाईंस एका दिवसापुरती खिडकी दिधली. बाई त्या प्लास्टरच्या बाहुलीखाली बसून शिवू लागल्या, आणि दालन पाहावयास आलेली मंडळी, हाही देखाव्याचाच भाग समजोन, त्यांच्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली.

ऋजुताबाई धावत आल्या. हाती एक पान. त्यावर सगळी खरी हकीकत, खाली त्यांची सही. म्हणाल्या, “मावशी, शिवण सुटलीच आहे. हे पान आत घाला. कुणाला कळणारही नाही.”

द्वारकाबाईंनी पान वाचिले, दोनदा वाचिले, डोळे पुसले, आणि परत दिधले. “दुसऱ्याच्या वहीत न विचारता पान घालायचं? सव्वीस वर्षांत केलं नाही ते. ते वाकडं वागले म्हणून मी वाकडं शिवू का?”

आणि बाईंनी तो खोटा महजर सरळ शिवला. ऐसा सरळ शिवला की आता दोनशे वर्षे सुटणार नाही. पुढे कोणी संशोधक येईल, वही उघडील, शिवण पाहून म्हणेल, काय हो जुन्या लोकांचे काम! आणि आतील प्रत्येक अक्षर खरे मानील. सेवकाने बाईंशी याबद्दल वाद घातला, चिडलो, ओरडलो, पाय आपटिले. बाईंनी चहा पुढे केला.

सारांश, मूळ कोणाचे आणि मान कोणास, हे त्या राज्यात ठरले ते येणेप्रमाणे. द्वारकाबाई हल्ली ऋजुताबाईंच्या घरी, उत्तरेकडील गॅलरीत बसून शिवितात. जिन्याखालची पुस्तके दहा-दहा करोन तेथे नेली जातात. ही बखर त्यांनीच शिविली, आणि ऋजुताबाईंचे ते पान, लिहिणाराच्या परवानगीने, आरंभी घातले आहे. शिवून जाहल्यावर बाईंनी वही उजेडात धरिली आणि डोळा मिटला. सेवकाने पुसिले, “सरळ आहे ना?”

“शिवण सरळ आहे,” बाई म्हणाल्या. “लिहिलेलं तुमचं तुम्ही बघा.”