उंदरांचे निव्वळ वजन

परभणी जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात बारा उंदरांना रीतसर मंजुरीने लठ्ठ करण्यात आलं. सहांना तरोट्याच्या पाल्याचा अर्क पाजायचा, सहांना नुसतं पाणी, आणि महिनाअखेर वजनं पाहायची, असा उत्तरा या संशोधक विद्यार्थिनीचा प्रयोग. तिची पीएच.डी.ची पाच वर्षं या बारा पोटांवर अवलंबून होती. पंधरवड्यात अर्कवाले सहाही वाळले, तेव्हा पोरगी आनंदानं जेवायचीच विसरली.

मग आली संकष्टी. उंदरांची निगा राखणाऱ्या कस्तुराबाईंनी अर्कवाल्यांपुढे मोदक ठेवले.

"बाई, हे काय?"

"ताई, गणपतीचं वाहन हाय. हे सहा रोज कडू पाला प्यायलेत. आज तरी त्यांचं तोंड गोड होऊ द्या की."

उत्तरानं मोदक उचलले. पण दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क व्यंकटराव पेढे घेऊन हजर. जावयाची बदली अडली होती. आठवड्यात बदली झाली आणि उंदरांची कीर्ती पार पालमपर्यंत गेली. एसटी भरभरून माणसं यायला लागली. प्राचार्य अनंतरावांनी शिस्त लावली: नैवेद्याचा अर्ज दोन प्रतींत, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, वेळ अकरा ते चार. नैवेद्य फक्त अर्कवाल्यांना. पाण्यावरच्या उंदरांना कोण विचारतो? अर्कवाले सहा मात्र असे फुगले, की पिंजऱ्याच्या दारातून निघेनात.

उत्तरा रडकुंडीला आली. "सर, माझा प्रबंध बुडाला. अर्कवाले दुप्पट झाले."

"घाबरतेस कशाला? समिती नेमू."

समितीनं भजी खात एकमतानं ठराव केला: प्रसाद अंगाला लागत नाही, सबब प्रसादाचं वजन उंदराच्या वजनातून वजा करण्यात यावं. वजाबाकी झाली. सहा नंबरच्या उंदराचं निव्वळ वजन उणे चाळीस ग्रॅम भरलं.

"सर, उणे वजनाचा उंदीर असतो का कुठं?"

"नसतो. म्हणून तर याला संशोधन म्हणायचं. कर सही."

उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाच वर्षं काय थोडी असतात? तिनं सही केली. प्रबंध मंजूर झाला, अर्क बाटलीत भरला गेला, आणि गिऱ्हाइकांची रांग गेटाबाहेर गेली.

हसताय? हसा, हसा. पण गेल्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची तिसरी वाटी पुढे करत "उपवासाचं कुठं पोटात राहतं?" असं म्हणालात, तेव्हा तुमच्या ठरावावर कुणाची सही होती?